खोल पाण्यात भूल घालणारी हवा

सप्टेंबर 1947. फ्रान्समधल्या तुलाँजवळच्या समुद्रात मोरिस फार्ग हा पाणबुड्या साध्या हवेचे सिलिंडर पाठीवर घेऊन खाली गेला. माणूस किती खोल जाऊ शकतो, हे सागर-संशोधक जाक कुस्तो यांच्या गटाला पाहायचे होते. दोरखंडाला ठरावीक अंतरावर पाट्या बांधलेल्या होत्या. जिथवर पोचू तिथल्या पाटीवर सही करायची. दोरीला हिसके देऊन फार्ग ‘सगळं ठीक’ असे कळवत होता. मग हिसके थांबले. त्याला वर ओढले, तेव्हा श्वास घेण्याची नळी तोंडातून सुटून छातीवर लोंबत होती. तो वाचला नाही. त्याची शेवटची सही सुमारे 120 मीटरवरच्या पाटीवर मिळाली.

त्याला भूल घातली ती बहुधा दाबाखालच्या हवेनेच. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर फुप्फुसात जमिनीवरच्या चौपट दाबाचा नायट्रोजन शिरतो आणि चेतापेशींच्या स्निग्ध आवरणांत विरघळतो. भुलीचे वायूही साधारण असेच काम करतात. खोलीमापकाचा काटा दिसतो, आकडा वाचता येतो, पण त्याचा अर्थ डोक्यात उतरत नाही. कुणाला हसू फुटते, कुणी घाबरून जातो. थोडे वर आले की गुंगी लगेच उतरते. पण वर यायला हवे हे ज्या मेंदूने ओळखायचे, तोच गुंगलेला असतो. ‘मला सवय झाली आहे’ हा अनुभवी पाणबुड्याचा विश्वास म्हणूनच मला सर्वांत धोकादायक वाटतो.

या गुंगीमागे नायट्रोजन आहे, हे अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी 1935 मध्ये मांडले. 1939 मध्ये ‘स्क्वालस’ ही पाणबुडी सुमारे 74 मीटर खोल बुडाली. ती वर काढताना पाणबुड्यांना हेलियम-ऑक्सिजनचे मिश्रण दिले गेले आणि त्यांची डोकी ताळ्यावर राहिली.

मग नायट्रोजन कमी करून ऑक्सिजनच वाढवला तर? नायट्रॉक्समध्ये तेच करतात, पण त्याचा उपयोग उथळ पाण्यात जास्त वेळ थांबण्यापुरता. ऑक्सिजनही मेदात विरघळतो, त्यामुळे गुंगी टळते असे धरून चालता येत नाही. शिवाय त्याचा दाब 1.4 वातावरणांच्या वर गेला की झटके येण्याचा धोका वाढतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बहुधा मृत्यूच. 32 टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स म्हणूनच 33 मीटरच्या आसपास थांबतो.

त्याहून खोल जायचे तर दोन्ही वायू कमी करून त्यांच्या जागी हेलियम भरावा लागतो. 18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम आणि बाकी नायट्रोजन अशा ट्रायमिक्सवर 60 मीटरवरची गुंगी हवेवरच्या पंचवीस-तीस मीटरइतकीच राहते. दुसरा फायदाही तितकाच मोठा आहे. 60 मीटरवर हवा सातपट दाट होते, श्वास ओढणे जड जाते, कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही आणि तो गुंगीत भर घालतो. हेलियम हलका, म्हणून श्वास मोकळा.

हेलियम महाग आहे, तरीही हवेवर साठ मीटर गाठणे मला समर्थनीय वाटत नाही. मुंबई हाय या तेलक्षेत्रात समुद्रतळाशी काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर, म्हणजे दिवसचे दिवस दाबाखालीच राहणारे पाणबुडे, हेलियम-ऑक्सिजनवरच श्वास घेतात. हेलियममुळे त्यांचा आवाज इतका चिरका होतो, की तो कळण्यासाठी जहाजावर वेगळे यंत्र लागते. हा वायू शरीरातली उष्णताही झपाट्याने ओढून नेतो, त्यामुळे त्यांच्या सूटमध्ये वरून गरम पाणी सतत सोडत राहावे लागते.