मंत्राची किंमत कोण मोजतं?

फँटसी वाचायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की जाणकार मंडळी उत्साहाने थेट जाडजूड मालिकांची नावं घेतात. नवखा वाचक पहिल्याच खंडातल्या नकाशांत आणि राजघराण्यांच्या वंशावळींत अडकतो आणि पुस्तक कपाटात जातं ते कायमचं. खरं तर मराठी वाचकाला या प्रांतात बुजायचं काही कारण नाही. वर आणि शाप यांचा हिशोब आपण लहानपणापासून ऐकत आलोय. हिरण्यकशिपूच्या वरात फट राहते, भस्मासुराचा वर त्याच्याच डोक्यावर येतो, परशुरामाकडून शिकलेली विद्या कर्णाला ऐन रणात आठवत नाही. ययातीची गोष्ट तर याही पुढे जाते. खांडेकरांची कादंबरी (१९५९) ज्यांनी वाचली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको: तारुण्य बापाला हवं असतं आणि म्हातारपण मुलाने घ्यायचं असतं. जादू कुणी केली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे मी फँटसीत सगळ्यात आधी पाहते. पुढची पुस्तकं त्याच कसोटीवर निवडली आहेत.

पहिलं नाव अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चं (१९६८). दोनेकशे पानांची कादंबरी, म्हणजे आठवडाभरात सहज होणारी. गॉण्ट नावाच्या डोंगराळ बेटावर आई नसलेला एक पोर शेळ्या राखतो. त्याची मावशी गावातली चेटकीण. छपरावर चढलेल्या शेळीला ती काहीतरी पुटपुटून खाली उतरवते, ते हा ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी माळावर तेच शब्द मोठ्याने म्हणतो. शेळ्या येतात. एक नाही, सगळ्या. पिवळे डोळे त्याच्यावर रोखून, एकमेकींना चेंगरत त्याच्याभोवती दाटतात. तो हसतो, पुन्हा म्हणतो, त्या आणखी जवळ येतात. मग तो घाबरून पळत सुटतो आणि अख्खा कळप त्याला मध्ये घेऊन गावात शिरतो. सोडवायचा मंत्र त्याला ठाऊकच नसतो. पुढचं सगळं पुस्तक या प्रसंगात आहे. हाच मुलगा, गेड, रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो आणि एका सहाध्यायीला खिजवण्यासाठी मेलेल्या माणसाला बोलावतो. त्या फटीतून एक काळी सावली जगात येते. गेडचा चेहरा ती फाडते, पण ती फट बुजवताना प्राण जातो तो वृद्ध महागुरूंचा. चूक एकाची, मरण दुसऱ्याचं. ती सावली कोण, हे इथे सांगत नाही.

गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे आणि या द्वीपसमूहात बहुतेक लोक तसेच आहेत. १९६८मध्ये इंग्रजी फँटसीत हे फार वेगळं होतं. २००४मध्ये दूरचित्रवाणीवर मालिका आली तेव्हा गेडला गोरा केला गेला आणि ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं.

मालिकेतलं चौथं पुस्तक ‘तेहानू’ (१९९०) तिसऱ्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी आलं. माझ्या मते ते सर्वांत थोर. गेडची विद्या संपलेली आहे. शेतकऱ्याची विधवा झालेली तेनार, आगीत भाजून टाकलेली एक मुलगी, भांडी, शेळ्या, दारावर येणारे हिंस्र पुरुष. रोकच्या शाळेत बायकांना प्रवेश का नव्हता, हा प्रश्न ले ग्विन स्वतःच्याच जगाला इथे विचारतात. पहिले तीन भाग कोणत्याही वयात वाचावेत. ‘तेहानू’ शक्यतो चाळिशीनंतर.

टोल्कीन टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. ‘द हॉबिट’ १९३७चं, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५चं. मुग्धा कर्णिक यांनी ते ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणलं आहे. सुरुवातीची हॉबिटांविषयीची माहिती सरळ सोडा, नंतर हवी तर वाचा. सिनेमा पाहिलेल्यांनाही पुस्तकात एक गोष्ट नव्याने जाणवेल: फ्रोडो बरा होत नाही. अगदी शेवटच्या क्षणी त्याला अंगठी टाकवत नाही, आणि परतल्यावर ज्या गावासाठी हे सगळं केलं तिथे त्याचं मन रमत नाही. १९१६मध्ये सोमच्या रणभूमीवर असलेल्या माणसाने हे लिहिलं आहे. युद्धावरून परतलेल्यांचं मौन त्या शेवटच्या प्रकरणांत जसं उतरलंय, तसं फार थोड्या वास्तववादी कादंबऱ्यांत उतरलं असेल.

रॉबिन हॉब यांचं ‘असॅसिन्स अप्रेंटिस’ (१९९५) मन घट्ट करूनच घ्या. राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ, वय सहा. आजोबा त्याला राजाच्या लोकांच्या दारात सोडून निघून जातात. राजघराणं त्याला वाढवतं ते मारेकरी करण्यासाठी. जनावरांच्या मनाशी जोडलं जाण्याची शक्ती त्याच्यात आहे, पण ती त्या राज्यात लाजिरवाणी समजली जाते. घोडे-कुत्रे सांभाळणारा बरिच त्याच्यावर जीव टाकतो आणि याच शक्तीपायी त्याला सर्वांत जास्त दुखावतोही. या जगात सोळा कादंबऱ्या आहेत. पहिल्या तीन वाचल्या की तिथे थांबता येतं. मला थांबता आलं नाही.

किंमत कोण मोजतं हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला आहे तो एन. के. जेमिसिन यांनी. ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) आणि पुढचे दोन भाग, तिन्हींना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला. तोवर असं कुणालाच जमलं नव्हतं. सतत हादरणारा एक खंड आणि भूकंप शमवू शकणारी माणसं. त्यासाठी ती भोवतालची ऊब ओढून घेतात, जवळचा माणूस गोठून मरू शकतो. म्हणून समाज त्यांच्यावर जगतो आणि त्यांचाच द्वेष करतो. एक बाई घरी येते तर लहानगा मुलगा मेलेला, आणि मारणारा त्याचा बाप. हा भाग ‘तू’ला उद्देशून लिहिलाय, पंचवीसेक पानं अडखळायला होतं, मग त्या आवाजातून सुटका नसते. भूकंप शमवणाऱ्या चौक्यांमध्ये नेमकं कोण बसवलेलं असतं, हे उघड होतं त्या प्रकरणानंतर मी पुस्तक बराच वेळ मिटून ठेवलं होतं.

एवढं सोसवणार नसेल तर सुझॅना क्लार्क यांचं ‘पिरानेसी’ (२०२०) घ्या. मालिका नाही, जेमतेम अडीचशे पानं, २०२१चा विमेन्स प्राइझ. पुतळ्यांनी भरलेल्या अगणित दालनांचं घर, खालच्या मजल्यांत समुद्राची भरती. तिथे राहणारा माणूस रोजनिशी लिहितो, मासे धरतो आणि त्या घरावर मनापासून प्रेम करतो. तिथे राहण्याचं मोल काय, हे वाचकाला त्याच्याआधी उमगू लागतं.

घरात नऊ-दहा वर्षांचं वाचणारं मूल असेल तर टेरी प्रॅचेट यांचं ‘द वी फ्री मेन’ (२००३) आणा आणि स्वतःही वाचा. डिस्कवर्ल्डच्या एक्केचाळीस कादंबऱ्यांतली ही एक, पण आधीची एकही वाचलेली नसली तरी चालते. नऊ वर्षांची टिफनी धाकट्या भावाला सोडवायला परीराणीच्या राज्यात जाते, हातात तळणीचा तवा घेऊन. ब्रँडन सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’ची (२००६) शिफारस तरुण वाचक हमखास करतात. धातू गिळून मिळणाऱ्या शक्तींचे नियम त्यात चोख बसवले आहेत आणि कथानकाला वेग आहे. मला मात्र त्यातली माणसं नियमांइतकी आठवत नाहीत.

आपल्याकडे अद्भुताची परंपरा जुनी आहे. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची, हिंदीतली देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ची. इंग्रजीत लिहिणाऱ्यांपैकी समित बसू यांची ‘द सिमोकिन प्रॉफेसीज’ आणि ताशा सुरी यांची ‘द जॅस्मिन थ्रोन’ (२०२१) नक्की वाचा. सुरींच्या कादंबरीत जळालेलं देऊळ आहे, त्या आगीतून वाचलेली मोलकरीण आहे आणि त्याच देवळात कोंडलेली राजकन्या. मोठ्यांसाठी मूळ मराठीत असं काही लिहिलं जावं, अशी माझी फार इच्छा आहे. वर, शाप आणि उःशाप यांचं इतकं भांडवल हाताशी असताना ते पडून राहतं, याचं वाईट वाटतं.

राहता राहिल्या अपूर्ण मालिका. जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा खंड २०११चा; सहाव्याची वाट वाचक अजून पाहताहेत. पॅट्रिक रॉथफस यांच्या तिसऱ्या भागाचंही तेच. शेवट हातात नसेल तर चैन पडत नाही, अशांनी रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ घ्यावी: चौदा खंड, आणि २००७मध्ये लेखक गेल्यावर शेवटचे तीन त्यांच्या टिपणांवरून सँडरसन यांनी पूर्ण केले. पण मार्टिन केवळ अपूर्ण म्हणून सोडू नका. तिसऱ्या खंडापर्यंत, ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’पर्यंत, नक्की जा. त्यातल्या लग्नाच्या प्रकरणाला बसाल तेव्हा रात्र हाताशी मोकळी असू द्या.