चित्र यंत्राचं, अर्थ माणसाचा

समजा, एखाद्या गावात पाण्याच्या प्रश्नावर ५० महिलांच्या मुलाखती घेतल्या. पुष्कळजणी म्हणाल्या, 'त्रास काही नाही, चालतंय.' हा मजकूर संगणकाला देऊन शब्दांचं चित्र काढायला सांगितलं, तर त्यात ठळक अक्षरांत दिसेल 'त्रास'. 'नाही' हा शब्द किरकोळ समजून अशा चित्रांतून बहुधा गाळलेला असतो. आणि 'चालतंय' म्हणजे खरंच चाललंय, की सांगून उपयोग नाही म्हणून सोसणं चाललंय? ते बोलण्याच्या सुरावरूनच कळतं. अशा चित्रावर विसंबून कुणी गावाची योजना आखली, तर काय होईल?

माणसांचं आकड्यांत न मावणारं म्हणणं समजून घेण्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी त्यासाठी चिठ्ठ्यांची रीत रूढ केली. एकेका चिठ्ठीवर एकेक म्हणणं लिहायचं, चिठ्ठ्या पसरून पुन्हा पुन्हा वाचायच्या, जवळच्या वाटतील त्या शेजारी ठेवायच्या. गटाला नाव द्यायचं ते मागाहून. १९६७ मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात लिन आणि टॉम रिचर्ड्स यांनी अशा कामासाठी संगणकप्रणाली तयार केली. १९९९ मध्ये तिचा पुढचा अवतार 'एनव्हिवो' आला. शोधाशोध सोपी झाली. जाळी, नकाशे, आलेख आले. आता तर यंत्र आपणहून गट पाडतं, नावंही सुचवतं.

सुचवायला हरकत नाही, पण निर्णय अभ्यासकाचाच हवा. म्हणून चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यावरून मूळ वाक्यापर्यंत, त्याच्या मागच्या-पुढच्या बोलण्यापर्यंत परत जाता आलं पाहिजे. यंत्राने पाडलेला गट वेगळ्या रंगात दिसावा. तो मोडता, जोडता, त्याचं नाव बदलता यावं. कोणता बदल कुणी आणि का केला, याची नोंद राहावी. कोणत्याच गटात न बसणारी वाक्यंही नजरेसमोर राहावीत.

कारण त्या ५० जणींपैकी एखादीच म्हणाली असेल, 'तिन्हीसांजेला विहिरीवर जायला भीती वाटते.' चित्रात तो एक बारीक ठिपका. त्यावर बोट ठेवायचं की नाही, हे मोजणाऱ्याने नव्हे, ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं.