'बनगरवाडी'तील पायपीट आणि नशीब
वाटेत बैलगाडी भेटावी आणि गाडीवानाने 'बसा' म्हणावे, एवढेच पायी जाणाऱ्याचे भाग्य, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) ती अपुरी पडते. कादंबरीचा प्रारंभच तरुण मास्तराच्या पहाटेच्या पायपिटीने होतो; ही पायपीट हौसेची नव्हे, नोकरीची. धनगरांचे चालणे तर मेंढरांच्या चाऱ्यापाण्याशी बांधलेले. पर्जन्यछायेतील माणदेशात नशीब म्हणजे पाऊस. तो चुकला की मुक्कामच हलतो. अखेरीस दुष्काळाने वाडी ओस पडते, आणि एकट्याच्या चालण्याने सुरू झालेली कथा साऱ्या गावाच्या परागंदा होण्यापाशी येते. तिला 'प्रादेशिक' म्हणून मोकळे होताना ही रचना नजरेआड होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.