नातवंडांचा रोबो आणि आपली पाठ

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहायला गेलेल्या आजी-आजोबांना कधी कधी नातवंडांच्या रोबो-स्पर्धेचे आमंत्रण येते. डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची ही शालेय स्पर्धा 1992 पासून भरते. सामन्यात मोडतोड झालेला रोबो घाईने दुरुस्तीच्या जागेत आणला जातो. अशा वेळी ‘आजोबा, जरा हात लावता का?’ अशी हाक आली, तर आपण प्रेमाने नकार द्यावा.

नाव यंत्रमानव असले, तरी हा असतो चाकांवरचा धातूचा सांगाडा. बॅटरी व बंपर धरून तो 60 किलोच्या आसपास भरू शकतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात अगदी अनुकूल परिस्थितीतही एका व्यक्तीसाठी 23 किलो ही मर्यादा आहे. ओझे शरीरापासून दूर असेल, जमिनीलगत असेल किंवा उचलताना कंबर पिळावी लागत असेल, तर ती आणखी खाली येते. रोबो उचलताना या तिन्ही अडचणी एकदमच येऊ शकतात. हाडे ठिसूळ झालेल्यांचा मणका तर वाकून ओझे उचलताना दबून मोडू शकतो.

मुलांनीही तो केवळ हातांच्या बळावर टेबलावर चढवू नये. पायाने दाबून वर घेता येणारे हायड्रॉलिक टेबल यासाठी उत्तम. त्याची भारक्षमता आधी पाहावी. रोबोचा मुख्य स्विच बंद करावा, साठलेली दाबाची हवा सोडावी आणि वर उचललेली यांत्रिक भुजा पट्ट्याने बांधावी. वीज जाताच ती खाली कोसळू शकते. टेबल पुरते खाली आणून चाकांचे ब्रेक लावावेत. मग चौघांनी, एकाच्याच इशाऱ्यावर, भक्कम सांगाड्याला धरून रोबो टेबलाच्या मध्यभागी ठेवावा. वायर किंवा साखळी कुणी धरू नये. टेबल कोपराच्या उंचीपर्यंत वर घ्यावे. त्या वेळी त्याच्या कात्रीसारख्या पायांजवळ कुणाचेही बोट असता कामा नये.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. कूस बदलण्यापूर्वी पलंग कमरेच्या उंचीवर घेतात, तो याच कारणासाठी.

इशारा देण्याचे काम मात्र आपण खुशाल मागून घ्यावे. दुरुस्तीच्या जागेत पाहुण्यांनाही संरक्षक चष्मा घालावा लागतो. आपल्या नंबरच्या चष्म्यावर बसेल असा मोठा चष्मा आधीच मागून ठेवावा.