आग्वादचा दिवा

लातुरात दीपस्तंभांना तोटा नाही. शिकवणी वर्गांच्या फलकांवर, निरोप समारंभाच्या भाषणांत, सेवापूर्तीच्या स्मरणिकांत कुणी ना कुणी कुणाचा तरी दीपस्तंभ असतोच. समुद्र तेवढा नाही. आमच्याकडे देवळापुढे दीपमाळ, तीही सणासुदीलाच उजळणार. म्हणून गोव्यात आग्वाद किल्ल्यावरचा खराखुरा दीपस्तंभ पाहिला तेव्हा आधी वाटलं, एवढाच?

मांडवीच्या मुखाशी पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये हा किल्ला पुरा केला, डच आणि मराठ्यांच्या धाकाने. वरचा पांढरा, गोल, चार मजली मनोरा १८६४ चा. त्याची स्वतःची उंची जेमतेम १३ मीटर. बाकीची डोंगराने दिलेली. किल्ल्यावर एकेकाळी एक प्रचंड घंटाही होती. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची ही घंटा मठ ओस पडल्यावर इथे आली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली.

खलाशाला नुसता उजेड पुरत नाही. कोणता दिवा कुठला, हे कळावं लागतं. त्यासाठी दीपगृहागणिक उघडझापीची लय वेगळी, सागरी नकाशात नोंदलेली. झोत आला, गेला, पुन्हा आला, की जहाजावरचा माणूस सेकंद मोजतो. विखुरणारा प्रकाश असा एका झोतात बांधायची किमया फ्रान्सच्या फ्रेनेलची. १८२० च्या दशकात त्याने एकाच जाड भिंगाऐवजी काचेची वलयं एकाभोवती एक रचली.

१९७६ मध्ये जुना दिवा निवृत्त झाला आणि काम जवळच्या नव्या मनोऱ्याकडे गेलं. जुना पाडला नाही, हे बरं केलं. मात्र फोटो सगळे त्याचेच. रात्रपाळी करणाऱ्याकडे पाठ फिरवून लोक पेन्शनरासोबत उभे राहतात.

माझी नजर दोन्हींवरून घसरली ती खालच्या टाक्यावर. आग्वाद हे नावच मुळी पाण्यावरून पडलेलं. सुमारे २४ लाख गॅलनांचं हे टाकं. लांब पल्ल्याची जहाजं इथे गोडं पाणी भरून पुढे निघत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे यायची, ५० वाघिणींची, एका खेपेला २५ लाख लिटर. मुलगा मनोऱ्यापुढून फोटोसाठी हाका मारत होता आणि मी उन्हात उभा राहून भागाकार करत होतो. चारेक खेपा मावतील.