यंत्रमानवाचा हिशेब सावनेर तालुक्यातून

यंत्रमानव बनवणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे ‘शाश्वतता’ आणि ‘सामाजिक दायित्व’ अशी दोन प्रकरणे हमखास आढळतात, आणि त्यांत कारखान्याच्या छतावर बसवलेले सौर संच, आवारात लावलेली झाडे, शेजारच्या गावातील शाळेला दिलेले संगणक यांची नोंद छायाचित्रांसह केलेली असते. ही कामे निरुपयोगी नाहीत. परंतु यंत्रमानवामुळे निसर्गावर आणि माणसांवर जे परिणाम होतात, त्यांचा मोठा भाग कारखान्याच्या फाटकाबाहेर घडतो आणि म्हणूनच तो या प्रकरणांत फारसा उतरत नाही. तो पाहायचा असेल, तर जेथे एकही यंत्रमानव तयार होत नाही अशा गावाकडून सुरुवात करणे अधिक उद्बोधक ठरते, आणि नागपूर जिल्ह्यातील खापा हे तसे गाव आहे.

सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खापा येथे १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि त्या काळी हातमागावरील विणकाम हा गावाचा मुख्य धंदा होता. गावाच्या परिसरात गुमगाव येथे मँगनीजची भूमिगत खाण, म्हणजे वैदर्भीय बोलीतली खदान, आहे. आणि त्याच तालुक्यात खापरखेडा येथे १,३४० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. खनिज, वीज आणि यंत्रामुळे बदललेली मजुरी या तीनही गोष्टी एकाच तालुक्यात सापडतात, आणि यंत्रमानवाच्या हिशेबातील तीन प्रमुख रकमाही याच आहेत.

औद्योगिक यंत्रमानव म्हणजे तीन किंवा अधिक अक्षांवर हालचाल करणारा, पुन्हा पुन्हा नवी आज्ञावली देऊन वेगवेगळ्या कामांना जुंपता येणारा यांत्रिक हात, अशी स्थूलमानाने त्याची व्याख्या केली जाते. या हाताचा सांगाडा ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियमचा असतो. सांध्यांतील अचूक दातेरी चक्रे मिश्रपोलादाची असतात. आणि हालचालीचा वेग व कोन अचूक राखणाऱ्या सर्व्हो मोटारींत निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंची चुंबके बसवलेली असतात. पोलाद कोणतेही असो, त्यात मँगनीज असतेच, कारण वितळलेल्या लोखंडातील गंधक आणि प्राणवायू बांधून काढण्याचे व पोलादाला बळकटी देण्याचे काम ते करते आणि त्याला स्वस्त व समाधानकारक पर्याय अद्याप मिळालेला नाही. कारखान्यात सामान वाहणाऱ्या फिरत्या यंत्रमानवांच्या काही प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांतही मँगनीज वापरले जाते. यंत्रमानव कितीही सुसंस्कृत दिसला, तरी त्याचे मूळ खडकात आहे.

नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेल्या या खडकांना भूशास्त्रज्ञ सौसर गट म्हणतात. सौसर हे राज्याच्या सीमेपलीकडील गाव खाप्यापासून फार दूर नाही. येथील मँगनीज काढण्यासाठी १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था स्थापन झाली. तिच्या वारशातून २२ जून १९६२ रोजी मँगनीज ओअर (इंडिया) ही कंपनी उभी राहिली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली आणि २०१० मध्ये तिचे नाव मॉइल असे झाले. नागपुरात मुख्यालय असलेल्या या कंपनीने २०२४-२५ या वर्षात १८ लाख टनांहून अधिक खनिज काढले, आणि देशातील मँगनीज खनिजाच्या उत्पादनात तिचा वाटा सुमारे निम्मा असतो. गुमगावची खाण तिचीच आहे.

भूमिगत खाणीतून खनिज काढल्यावर जी पोकळी राहते, ती तशीच सोडली तर वरचा खडक खचतो; म्हणून मॉइलच्या भूमिगत खाणींत पाण्याबरोबर वाळू आत सोडून पोकळी भरण्याची पद्धत रूढ आहे आणि ही वाळू परंपरेने नदीची असते. म्हणजे खाणीच्या सुरक्षिततेची किंमत काही अंशी नदीचे पात्र चुकवते, आणि कन्हानसारख्या नदीच्या बाबतीत, जिच्यातून नागपूर शहरालाही पाणी जाते आणि जिच्या वाळूवर बांधकामांचाही डोळा असतो, ही किंमत लहान नाही. नागपूरच्याच वेस्टर्न कोलफिल्ड्सने कोळशाच्या खाणीवरील काढून टाकलेल्या मातीपासून वाळू तयार करण्याचा जो उद्योग सुरू केला, त्याचे महत्त्व या संदर्भात कळते. दुसरी किंमत शरीर चुकवते. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊन चालणे, बोलणे, हातांची हालचाल अशा क्रिया मंदावतात, आणि कंपवाताशी साम्य असलेल्या या विकाराचे वर्णन वैद्यकात १८३७ इतक्या जुन्या काळापासून आढळते. खनिज फोडणे आणि हातांनी वेचून प्रतवार लावणे हे काम या पट्ट्यात दीर्घकाळ मजूर स्त्रियांनी केले आहे. पोलादाच्या चकचकीत इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा येत नाही.

खाणीतून निघालेले खनिज थेट पोलादाच्या भट्टीत जात नाही. प्रथम विजेच्या भट्टीत त्याचे मिश्रधातूत रूपांतर करावे लागते, आणि सिलिको-मँगनीजच्या एका टनासाठी सुमारे ४,००० युनिट वीज खर्ची पडते. यंत्रमानव तयार झाल्यावर त्याच्या वापराची वीज वेगळी. दहा-पंधरा वर्षांच्या आयुष्यात ही वापराची वीज बहुधा सर्वांत मोठी बाब ठरते, आणि त्यातही एक गंमत अशी की यंत्रमानव स्वस्थ उभा असतानाही वीज घेत असतो, कारण मोटारी चालू ठेवून हात जागच्या जागी धरून ठेवावा लागतो. काम नसताना ब्रेक लावून मोटारी बंद करणे, धक्क्याधक्क्याने चालण्याऐवजी हालचाली गुळगुळीत आखणे, हाताचे वजन घटवणे अशा उपायांनी ही वीज लक्षणीय कमी करता येते. छतावरील सौर संचापेक्षा उत्पादकाचे हे काम अधिक मोलाचे, पण ते छायाचित्रात दिसत नाही. महाराष्ट्रातील वीज अजूनही मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे. तिची राख कोठे जाते, हे खापरखेडा-कोराडीच्या परिसरातील शेतकऱ्यांना ठाऊक आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी येथील औष्णिक वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती राख शेतांत आणि ओढ्यांत पसरली होती.

हरितगृह वायूंचा हिशेब मांडताना जगभर तीन कक्षा मानल्या जातात: कारखान्यातील भट्ट्या व वाहने यांतून थेट निघणारे वायू पहिल्या कक्षेत, विकत घेतलेल्या विजेमुळे अन्यत्र निघणारे दुसऱ्या कक्षेत, आणि कच्च्या मालाच्या उगमापासून ग्राहकाच्या वापरापर्यंत व अखेर भंगारापर्यंत निघणारे सर्व वायू तिसऱ्या कक्षेत मोजले जातात. यंत्रमानव जुळवणारा कारखाना स्वतः तुलनेने स्वच्छ असतो, त्यामुळे पहिल्या दोन कक्षांचे आकडे देखणे येतात. गुमगावचे खनिज, भट्टीची वीज आणि ग्राहकाच्या कारखान्यात पंधरा वर्षे चाललेला यंत्रमानव हे सगळे तिसऱ्या कक्षेत पडते, जिथे आकडे बहुधा अंदाजाचे असतात. म्हणून जुना यंत्रमानव सोडवून, झिजलेले सांधे व तारा बदलून तो पुन्हा विकणे हा उपाय खरा वजनदार आहे, कारण त्यामुळे नवे ओतकाम आणि नवे पोलाद दोन्ही वाचतात. एबीबी ही कंपनी असे पुनर्निर्माण अनेक वर्षे करते आणि त्यासाठी झेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा येथे तिचे केंद्र आहे. भारतात २०२३ या एका वर्षात ८,५१० नवे औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले, असे आंतरराष्ट्रीय यंत्रमानव महासंघाची आकडेवारी सांगते; त्यांच्या निवृत्तीची वेळ येईल तेव्हा त्यांचे काय करायचे, याचा विचार आजच व्हायला हवा, कारण १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम विजेच्या अवजारांची जबाबदारी उत्पादकावर टाकतात, पण एका जागी पक्की बसवलेली मोठी औद्योगिक अवजारे त्यातून वगळतात.

सामाजिक दायित्वाची कायदेशीर व्याख्या याहून अरुंद आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, कौशल्यविकास अशा ठरवून दिलेल्या कामांवर खर्च केली पाहिजे. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आहे. मात्र नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च, तसेच केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च यात धरला जात नाही. वीज वाचवणारा यंत्रमानव बनवणे किंवा यंत्रमानवामुळे हातचे काम गेलेल्या आपल्याच कामगाराला नवे काम शिकवणे हे कायद्याच्या लेखी सामाजिक दायित्व नव्हे, आणि एका परीने हे योग्यच आहे, कारण ही कामे दानधर्मात मोडत नाहीत. ती धंद्याचा खर्च आहेत. अडचण एवढीच, की जे दोन टक्क्यांत बसत नाही ते अहवालाच्या त्या प्रकरणातही बसत नाही.

यंत्र आणि मजुरी यांचा संबंध नागपूर परिसराला नवा नाही. जमशेदजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. अशा गिरण्यांच्या सुताने आणि कापडाने हातमागाच्या जुन्या अर्थव्यवस्थेची घडी सर्वत्र विस्कटली. खापा, उमरेड, नागपूर येथील कोष्टी विणकरांना रेशीमकाठी लुगड्यांसारख्या, यंत्राला चटकन न साधणाऱ्या मालाचा आधार घ्यावा लागला. त्याच मिलमध्ये १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली, तेव्हा मालकावर असे करण्याची सक्ती करणारा कायदा देशात नव्हता. परंतु हे सारे गिरणीच्या आतल्या माणसासाठी होते. गिरणीमुळे ज्याचा माग थांबला, तो खाप्याचा विणकर गिरणीच्या हिशेबात कुठेच नव्हता. आणि पुढे २००२ मध्ये गिरणीच बंद पडली, तेव्हा आतला माणूसही बाहेर आला.

टाटा समूहाचीच टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स ही कंपनी, जिच्या नागपूरच्या मिहानमधील कारखान्यात बोइंग ७८७ विमानाच्या आतील फरशीच्या तुळया तयार होत, तिने २०१६ मध्ये मुंबईत ‘ब्राबो’ हा भारतीय बनावटीचा यंत्रमानव सादर केला आणि पुढील वर्षी तो विक्रीस आणला. दोन आणि दहा किलो वजन उचलणाऱ्या या यंत्रमानवांची किंमत पाच ते सात लाखांच्या घरात ठेवण्यात आली होती, आणि लहान व मध्यम उद्योगांना परवडावे हा त्यामागचा हेतू होता. हेतूची दुसरी बाजू अशी, की सात लाखांचे यंत्र जेथे परवडते तेथे कामगारसंघटना क्वचितच असते, आणि कमी झालेल्या हातांची नोंद कोणी ठेवत नाही. उलट बाजूची उदाहरणेही आहेत. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात २०१० पासून कोबॉट, म्हणजे कुंपणाशिवाय माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे आणि स्पर्श होताच थांबणारे यंत्रमानव, आणले गेले, तेव्हा जोर लागणारे काम यंत्राकडे गेले आणि जुळणीच्या साखळीवर स्त्री कामगारांना जागा झाली. केरळमधील जेनरोबोटिक्सने २०१८ मध्ये मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ बनवला आणि त्याचे चालक म्हणून सफाई कामगारांनाच प्रशिक्षण दिले. यंत्राने घेतलेले काम आणि माणसाला मिळालेले काम एकाच ताळेबंदात दिसावे, याचा हा दुर्मीळ नमुना आहे.

भांडवल बाजार नियामक सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा विस्तृत अहवाल बंधनकारक केला आहे, आणि पुरवठादारांची माहितीही त्यात यावी अशी योजना आखली आहे. मात्र ज्यांच्याकडून किमान दोन टक्के खरेदी होते एवढेच पुरवठादार त्यात मोजायचे आहेत आणि ही माहिती देणे सध्या ऐच्छिक आहे. यंत्रमानव बनवणारा कारखाना चक्रपेटी विकत घेतो, चक्रपेटीवाला पोलाद घेतो, पोलादवाला मिश्रधातू घेतो आणि मिश्रधातूवाला खनिज घेतो, म्हणजे गुमगावची खाण त्याच्यापासून चार घरे लांब पडते आणि दोन टक्क्यांच्या कोणत्याही यादीत येत नाही. खाणीच्या बाजूने मात्र वाट उघडी आहे: खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणमालकाला स्वामित्वधनाच्या जोडीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रक्कम द्यावी लागते, जुन्या भाडेपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि लिलावातून दिलेल्यांना दहा टक्के, आणि ती खाणबाधित गावांतील पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्च व्हायची असते. त्या खर्चाच्या जिल्हानिहाय यादीत कोणत्या गावाला काय मिळाले हे ग्रामसभेला विचारता येते. यंत्रमानवाच्या उत्पादकाला तसे विचारण्याची सोय खापा येथील नागरिकाला अद्याप कोणत्याही नियमाने दिलेली नाही.