दाट रक्त, रिकामं कोठार
रक्ताची ओळख : लेखांक ११

आमच्या लॅबमधलं मशीन एका मिनिटात सीबीसीचे सगळे आकडे छापून देतं. तरीही पीसीव्हीचा आकडा पन्नाशीच्या वर दिसला की मी जुन्या पद्धतीने एकदा खात्री करून घेते. काडेपेटीतल्या काडीहून बारीक अशी काचेची नळी रक्ताला टेकवली की रक्त आपसूक वर चढतं. तिचं एक टोक बंद करायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायची आणि उजेडात धरायची. तळाला तांबड्या पेशींचा गडद खांब, त्यावर दोऱ्याएवढी पांढुरकी रेघ, आणि वर फिकट पिवळा प्लाझ्मा. एकूण उंचीत लाल खांब किती टक्के भरतो, तो पीसीव्ही. काही रिपोर्टांवर त्याला हिमॅटोक्रिट असं लिहिलेलं असतं. पुरुषांमध्ये तो साधारण ४० ते ५० असतो.

गेल्या पावसाळ्यात एका ४६ वर्षांच्या गृहस्थांची नळी अशीच उजेडात धरली. लाल खांब अर्ध्याच्या वर चढलेला, ५१.५ टक्के. म्हणजे रक्त दाट. मग त्याच रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर पेशी लहानखुऱ्या आणि मधोमध फिकट, अगदी लोह कमी असलेल्या माणसाच्या दिसाव्यात तशा. हिमोग्लोबिन १६.४, तांबड्या पेशी ६८ लाख, पेशीचं सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही ७६ (ते ८० च्या वर हवं), आणि लोहाच्या साठ्याचा आकडा म्हणजे फेरिटिन फक्त ८. ते बाहेर बाकावर बसले होते. मी आकडे सांगितले तसं म्हणाले, “मॅडम, रक्त दाट म्हणताय, मग अंगात दम का न्हाई? दोन जिने चढलो तर बसावं लागतंय.”

त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आजचा लेखांक त्याच्याच उत्तराचा आहे. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या पिट्युटरी ग्रंथीवरच्या गाठीची पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होईना, म्हणून दर दोन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं. उपचार गरजेचाच होता. वर्षभरात हिमोग्लोबिन १३ वरून १७.८ वर गेलं. जिममध्ये कुणीतरी सांगितलं, “रक्त दाट झालंय, दर तीन महिन्यांनी रक्तदान कर, आपोआप पातळ होतंय.” त्यांनी ते मनापासून पाळलं. सव्वा वर्षात पाच शिबिरं झाली. सोबत व्यायाम आणि तालमीतल्या पैलवानासारखा खुराक: रोज पाव किलो मटण, सकाळी अंडी, आठवड्यातून एकदा कलेजी. इतकं मटण खाणाऱ्या माणसाला लोह कमी पडेल, हे त्यांच्याच काय, घरातल्या कुणाच्याही मनात आलं नाही.

टेस्टोस्टेरॉन रक्त का वाढवतं, ते आधी पाहू. वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांचं हिमोग्लोबिन जवळपास सारखं असतं. मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढू लागलं की ते वर सरकतं. उलट, प्रोस्टेटच्या कर्करोगात हे संप्रेरक औषधाने दाबलं की हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने उतरतं. हे काम दोन वाटांनी चालतं. एक, मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन वाढतं आणि अस्थिमज्जेला पेशी बनवायचा हुकूम जातो. दुसरी वाट मला जास्त महत्त्वाची वाटते. यकृतात हेपसिडिन नावाचं एक छोटं संप्रेरक तयार होतं. आतड्यातून लोह रक्तात किती सोडायचं आणि साठ्यातून किती बाहेर काढायचं, याचा दरवाजा त्याच्या हाती असतो. हेपसिडिन वाढलं की दरवाजा बंद, कमी झालं की उघडा. टेस्टोस्टेरॉन हेपसिडिन कमी करतं. म्हणजे एकीकडे पेशींची मागणी वाढते आणि दुसरीकडे लोहाचं कोठार सताड उघडतं.

म्हाताऱ्या माणसांच्या ॲनिमियात याचा उपयोगही दिसला आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांवर चाचण्यांचा एक मोठा संच झाला. ज्यांच्या ॲनिमियाचं कारण सापडत नव्हतं, त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांचं हिमोग्लोबिन वर्षभरात किमान एक ग्रॅमने वाढलं. नुसतं खोटं औषध मिळालेल्या गटात हा आकडा १५ टक्के होता. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाचं कमी हिमोग्लोबिन वाढवणारं औषध दुसऱ्याच्या रक्तात गर्दी करतं. औषध तेच असतं. माणसाचा आधीचा पीसीव्ही आणि औषधाचा डोस यांवर बरंच काही ठरतं.

आता मटणाचा हिशोब. तो मी त्यांच्यासमोर रिपोर्टाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडला. शंभर ग्रॅम मटणात लोह अडीच-तीन मिलिग्रॅम. पाव किलोत साधारण सात. मांसातलं हीम प्रकारचं लोह धान्य-भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं, पण मांसातलं सगळंच लोह हीम नसतं. मोकळ्या हाताने धरलं तरी रोज दीड मिलिग्रॅम आत येतं. त्यातलं एक मिलिग्रॅम रोजच्या झिजेत जातं, त्वचेच्या आणि आतड्याच्या गळणाऱ्या पेशींसोबत. उरलं अर्धं. भाकरी, डाळ, पालेभाजीचं मिळून आणखी थोडं. कोठार रिकामं होऊ लागलं की शरीर शोषण वाढवतं, हेही खरं. तरी जमेची बाजू दिवसाला काही मिलिग्रॅमच्या पलीकडे जात नाही.

खर्चाची बाजू बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. शिबिरात ३५० मिलिलिटरची पिशवी भरली आणि हिमोग्लोबिन १७.८ असेल, तर ६२ ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं. म्हणजे एका बैठकीत २१० मिलिग्रॅम लोह. पाच वेळा दिलं तर हजारच्या आसपास. धडधाकट पुरुषाच्या साठ्यात सगळं मिळून साधारण इतकंच लोह असतं.

त्यांनी पेन माझ्या हातून घेतलं आणि २१० गुणिले पाच पुन्हा स्वतः करून पाहिलं.

म्हणजे आत कारखान्याला हुकूम सुटतोय, “आणखी पेशी बनव,” आणि माल संपत आलाय. कारखाना थांबत नाही, कमी मालात लहान, फिकट पेशी काढत राहतो. पेशींची संख्या भरपूर म्हणून पीसीव्ही चढलेला, आणि लोह संपलेलं म्हणून दम नाही. लोह काही फक्त रक्तात लागत नाही. स्नायूंतल्या मायोग्लोबिनला लागतं, पेशीतल्या ऊर्जेच्या यंत्रणेला लागतं. हिमोग्लोबिन उत्तम असूनही थकवा, केस गळणं, रात्री पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं, ही लोहाच्या कमतरतेची लक्षणं असू शकतात. हिमोग्लोबिन म्हणजे बाजारात फिरणारा पैसा आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये, आणि टेस्टोस्टेरॉन चालू असताना तर मुळीच नाही.

अशा वेळी दोन सोपे उपाय लोकांच्या तोंडी असतात आणि दोन्ही मला धोक्याचे वाटतात. पहिला, रक्त देत राहा. पीसीव्ही थोडे दिवस उतरतो, पण डोस तोच असल्याने पुन्हा चढतो आणि दरवेळी कोठार आणखी रिकामं होतं. डॉक्टर गरजेप्रमाणे एखाद्या वेळी रक्त काढायला सांगतात, ती गोष्ट वेगळी. आपलं आपण ठरवून शिबिरं गाठणं वेगळं. रक्तदान हे थोर काम आहे, पण ते घेणाऱ्यासाठी असतं. टेस्टोस्टेरॉन घेत असाल तर तिथल्या डॉक्टरांना ते आधी सांगितलंच पाहिजे. दुसरा उपाय, फेरिटिन कमी आलं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करणं. पूर्ण डोस चालू असताना भुकेल्या मज्जेला लोह मिळालं की पीसीव्ही भराभर वर जातो. आधी डोस, मग लोह, हा क्रम चुकवू नये.

मटण सोडा, असंही काहीजण सांगतात. त्याने फार काही साधत नाही. हेपसिडिनचा दरवाजा उघडा असला की डाळ-भाकरीतलं लोहही जास्त आत येतं. शाकाहारी माणसाचा पीसीव्हीही या इंजेक्शनांनी ५५ ला गेलेला मी पाहिला आहे.

मांसाहाराचा संबंध येतो तो दुसऱ्या टोकाला, फेरिटिन जास्त आलं की. ४०० किंवा ६०० आकडा बघून माणूस घाबरतो आणि कोल्हापुरात राहून रस्सा सोडतो. फेरिटिन ताप, जंतुसंसर्ग, सूज, दारू आणि यकृतातली चरबी यांनीही वाढतं. आपल्याकडे पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या पुरुषांत मला हे कारण फार वेळा सापडतं. म्हणून सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय, ते बघावं. सकाळी उपाशीपोटी, लोहाची गोळी आदल्या दिवशी न घेता, आणि ताप-सर्दी नसताना. ते ४५ टक्क्यांच्या वर पुन्हा पुन्हा येत असेल तर खरंच लोह साठतंय का, याचा शोध घ्यायचा. नसेल तर आधी यकृताकडे आणि कमरेकडे बघायचं.

टेस्टोस्टेरॉनच्या देखरेखीचे नियम गुंतागुंतीचे नाहीत. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे सुरू करण्याआधी पीसीव्ही बघायचा, मग तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा. सुरुवातीलाच ४८ च्या वर असेल तर सुरू न करण्याकडे कल ठेवायचा. ५४ ओलांडला तर औषध थांबवायचं, खाली आल्यावर कमी डोसने पुन्हा द्यायचं. मोठ्या डोसची इंजेक्शनं रक्तात उंच लाट उठवतात, म्हणून त्यांनी पीसीव्ही जास्त चढतो, आणि त्वचेवर लावायच्या जेलने कमी. जेललाही धोका नाही असं नाही. ५,२४६ पुरुषांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत जेलने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण खोट्या औषधापेक्षा जास्त आढळलं.

आणि पीसीव्ही चढला की सगळा दोष औषधाला देऊ नये. सिगारेट आणि झोपेत श्वास अडकणं यांनीही तो चढतो. नमुना देताना माणूस पाणी न पिता घाम गाळून आलेला असेल तरी आकडा फुगतो. कसरत करून थेट लॅबमध्ये येणाऱ्या मुलांना मी आता परत पाठवते. यातले काही चिठ्ठीशिवाय, दंड वाढावेत म्हणून इंजेक्शनं घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की वृषणांचं काम मंदावतं आणि शुक्राणू घटतात, हे लग्नाच्या वयाच्या या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्या गृहस्थांना मी त्यांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना पत्नीला विचारलं, रात्री घोरतात का? त्या म्हणाल्या, “घोरतात, आणि मधेच थांबतात. मी हलवून जागं करते.” झोपेची तपासणी झाली, श्वास अडकत होता, रात्री श्वासासाठी मशीन लागलं. डोस उतरवून इंजेक्शनऐवजी जेल दिलं, रक्तदान बंद केलं. पीसीव्ही ४८ ला आल्यावर मग अल्प प्रमाणात लोह, तेही दर सहा आठवड्यांनी रक्त तपासत.

सहा महिन्यांनी ते आले तेव्हा मी पुन्हा नळी फिरवली. लाल खांब ४७ टक्के, एमसीव्ही ८५, फेरिटिन ४४. काचेवरच्या पेशी भरलेल्या होत्या. आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि ते लिफ्टने आले नव्हते.

(पुढील लेखांकात : पेशी लहान, पण लोह भरपूर. थॅलेसेमिया मायनर ओळखायचा कसा?)